जप्त परवाना

धाकट्या भावाचा परवाना पोलिसांनी नाकाबंदीत ठेवून घेतला, त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, ही कायद्याची हद्द. तो ती ओलांडून स्टिअरिंगवर बसला होता.

आईला वाटत होतं, दंड भरला की सुटलं. तसं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ते कोर्टाचं. परवान्याचं प्रकरण निराळं, ते आरटीओकडे जातं. तिथे म्हणणं मांडायची संधी मिळते, मग निलंबन. किमान तीन महिने, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्येच बजावलं आहे. त्या काळात गाडी चालवली, तर तो नवा गुन्हा.

त्याच्या पाकिटातला प्लास्टिकचा कप्पा आता रिकामा आहे. कार्डाच्या कडांचा चौकोनी वळ त्यावर तसाच उमटलेला. पैसे काढताना त्याचा अंगठा तिथे क्षणभर थांबतो.

"ताई, कुणाला लागलं तर नाही ना!" असं तो म्हणाला, तेव्हा मला रडू आलं आणि संतापही. लागलं नाही, कारण वाटेत पोलीस उभे होते. त्या अनोळखी हवालदाराविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. घरात हे अजून बोलले नाही.

परवाना परत मिळेल. तो पुन्हा गाडी काढेल, तेव्हा माझ्या मुलीला त्याच्या शेजारी बसवेन का, हे मात्र ठरत नाही.