नीरेच्या उगमाकडे, एका दिवसात

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळेत एकच विषय असतो. "बाई, सहल कुठं?" तुमच्याकडेही तेच असणार. बारामती आणि इंदापूरकडच्या आपण पोरांनी डोंगर पाहिलेले असतात ते लांबून, निळसर रेघेसारखे. आपला मुलूख सपाट. ऊस, कालवा, पुन्हा ऊस.

दोन वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलीने कालव्याच्या पुलावर उभं राहून मला विचारलं, "बाई, आपल्याकडे तर पाऊसच पडत नाही, मग एवढं पाणी येतं कुठून?" मी म्हटलं, "वीर धरणातून." ती म्हणाली, "आणि वीर धरणात?" मी म्हटलं, "नीरा नदीतून." "आणि नदीत?" आता आली का पंचाईत! उत्तर पुस्तकात होतं, पण मी स्वतः ते ठिकाण पाहिलेलं नव्हतं. मग ठरलं. यंदाची सहल वरंध घाटात.

भोरहून महाडला उतरणारा हा घाट. भोर सोडलं की रस्ता नीरेच्या काठाकाठाने, मग नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने डोंगरात शिरतो. हिर्डोशी, वारवंड, शिरगाव अशी गावं लागतात. शिरगावच्या डोंगरात नीरेचा उगम आहे. तिथून थोडं पुढे वाघजाईचं देऊळ, आणि देवळासमोर एकदम कोकण! पायाखाली जमीन संपते आणि खोल खाली दरीच दरी दिसते.

पण ते आम्हाला पहिल्या खेपेला दिसलंच नाही. का, ते सांगते. चूक माझीच होती.

मी नकाशावर दोरा ठेवला, अंतर मोजलं, ताशी चाळीस किलोमीटरने भागलं आणि म्हटलं, अरे, वेळ तर भरपूर आहे! मग वाटेत मोरगावचा मयूरेश्वर घातला, जेजुरी घातली, नारायणपूर घातलं, बनेश्वर घातलं. एवढ्या लांब चाललोय, तर सगळंच बघू! सकाळी सातला निघायचं होतं. निघालो पावणेआठला, कारण दोघांचे डबे घरी राहिले होते. जेजुरीच्या पायऱ्या चढून, भंडारा उधळून, सगळी पोरं पुन्हा मोजून गाडीत बसवेपर्यंत दोन तास गेले. भोरला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. धरणाचं पाणी दिसू लागलं आणि चालककाकांनी गाडी बाजूला घेतली. "बाई, घाटात अंधार करायचा नाही. मी इथून वळवतो." त्यांचं बरोबर होतं. पण मागच्या बाकावरून हुंदके ऐकू आले, ते मला अजून आठवतात. कालव्यावरची ती मुलगी मात्र रडली नाही. नुसती खिडकीतून मागे बघत राहिली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलटीकडून हिशोब केला, आणि तो मुलांनीच फळ्यावर केला. तुम्हीही करून बघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याच्या कितीतरी आधी घाट आपल्या मागे पडलेला हवा. म्हणून वाघजाईहून दीडला निघायचंच. सपाटीला ताशी चाळीस धरा, पण घाटरस्त्याला वीसच धरा. नकाशावरच्या दोऱ्याला वळणं कळत नाहीत! बारामती ते भोर, नीरा, लोणंद, शिरवळ या वाटेने सुमारे नव्वद किलोमीटर, म्हणजे सव्वादोन तास. भोर ते वाघजाई सुमारे पंचेचाळीस, तेही सव्वादोन तास! निम्मं अंतर, वेळ तेवढाच. हे गणित फळ्यावर सुटलं तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली. मग पहाटे पाचला निघायचं ठरलं. वाटेतली सगळी देवळं कटाप. इंदापूरच्या मुलांनी आणखी दीड तास आधी उठायचं, त्याला इलाज नाही.

आता बाकीची तयारी. पावसाळ्यात या घाटाचं नाव काढायचं नाही. दरडी कोसळतात, रस्ता बंद ठेवावा लागतो. २२ जुलै २०२१ ला घाटाच्या पलीकडे, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने धरा, आणि आदल्या दिवशी भोरच्या एस.टी. स्थानकात रस्ता चालू आहे का, ते विचारून घ्या. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसायचं, आलेपाक जवळ ठेवायचा आणि पोटभर खाऊन घाटात शिरायचं नाही. (आमच्यातल्या एकाने भोरला चार वडे खाल्ले. पुढचं सांगत नाही.)

तर, पावणेअकराला आम्ही वाघजाईपाशी उभे होतो!

त्याआधी शिरगावाजवळ थांबलो होतो. इथे नीरा म्हणजे खडकांतून वाहणारा एक ओहोळ. आमच्या पोरांनी ती उडी मारून ओलांडली. पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे. ज्या नदीच्या पुलावरून एस.टी. जाते, ती नदी!

घाटमाथ्यावर आम्ही एक प्रयोग केला. बाटलीतलं थोडं पाणी पूर्वेच्या उतारावर ओतलं, थोडं पश्चिमेच्या. पश्चिमेचं पाणी सावित्री नदीतून बाणकोटच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाणार. पूर्वेचं नीरेतून वीर धरणात. तिथून डाव्या कालव्याने आपल्याकडे, उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे. उरलेलं नदीतून इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंगपूरला भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. एका बाटलीचं पाणी दोन समुद्रांना! घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या बारामतीत जेमतेम पाचशेच्या आसपास. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरेचा डावा कालवा काढला, आणि त्याला पाणी पुरावं म्हणून भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरला धरण बांधलं. आजचं मोठं धरण १९२८ सालचं.

परत येताना देवघरच्या पाण्याकाठी चहाला थांबलो. टपरीवरच्या आजींनी विचारलं, "कुठली गं पोरं?" "बारामतीची!" पोरं एका सुरात ओरडली. आजी पाण्याकडे बोट करून म्हणाल्या, "तिथं आमचं शेत हुतं. आता तुमच्याकडं ऊस झाला आसंल."

पोरं गप्प झाली. कुणाला काय बोलावं कळेना, मलाही नाही. आमच्या पुस्तकात धरणाच्या चित्राखाली फक्त "सिंचन" लिहिलेलं असतं. तेवढ्यात कालव्यावरची ती मुलगी पुढे झाली. तिच्या दप्तरात घरचा गूळ होता, दुपारच्या भाकरीबरोबर खायला आणलेला. तिने तो सगळाच्या सगळा आजींच्या हातावर ठेवला. आजींनी त्यातला अर्धा मोडून तिलाच परत दिला आणि बाकीचा पदरात बांधला. चहाचे पैसे मात्र पुरे मोजून घेतले!

साडेसहाला बारामतीत पोचलो, बरोब्बर फळ्यावर लिहिलेल्या वेळेला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी नकाशा आणि दोरा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. दोऱ्याचं एक टोक वीर धरणावर होतं, दुसरं नरसिंगपूरवर. "बाई, हे सगळं सपाटीचं आहे," ती म्हणाली, "इथं ताशी चाळीस चालेल ना?"