शेरीफच्या कचेरीतली वही

त्या वहीला हिरव्या कापडाची बांधणी होती आणि कोपऱ्यांना लाल चामडं. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या काउंटीच्या शेरीफ कचेरीत, काउंटरच्या डाव्या टोकाला ती कायम उघडी असायची. तुरुंगात कोण आलं, किती वाजता आलं, वय काय, राहणार कुठला, आरोप कोणता, कोणी आणलं, जामीन किती, सुटका कधी आणि कोणाच्या हुकमाने, असे रकाने दोन पानांवर आखलेले. काही ओळी वळणदार अक्षरात, काही रात्रपाळीच्या जेलरने घाईत ओढलेल्या. 1980 च्या दशकात मी इथल्या साप्ताहिकात काम करू लागले तेव्हा मंगळवारची सकाळ म्हणजे ही वही वाचायची वेळ. अंक बुधवारी छापायला जायचा.

अमेरिकेतली काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका किंवा लहानसा जिल्हा, आणि शेरीफ हा तिथला निवडून आलेला पोलीसप्रमुख. शहरांची पोलीस दलं वेगळी. गावाबाहेरचे रस्ते, शेतं, तळी, जंगल हे सगळं शेरीफच्या डेप्युटींकडे. काउंटीचा तुरुंगही त्याच्याच ताब्यात. तिथे असतात खटल्याची वाट पाहणारे आणि वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे. मोठ्या शिक्षेचे कैदी राज्याच्या तुरुंगात जातात. विस्कॉन्सिनमध्ये अशा 72 काउंट्या आहेत. शेरीफला तेव्हा दर दोन वर्षांनी मतं मागावी लागत; 1998 च्या घटनादुरुस्तीने ती मुदत चार वर्षांची झाली. दर दोन वर्षांनी लोकांपुढे हात जोडणारा माणूस साप्ताहिकाच्या वार्ताहराला दारात ताटकळत ठेवत नाही, हे मला लवकरच उमगलं.

आमच्या आधीच्या पिढीत तर शेरीफचं बिऱ्हाडच तुरुंगाला लागून असायचं. वॉशारा काउंटीतल्या वॉटोमा गावात तशी एक इमारत अजून उभी आहे. तिथे आता स्थानिक इतिहास मंडळाचं संग्रहालय आहे. अशा घरांत शेरीफची बायको कैद्यांचा स्वयंपाक करायची, बायका कैदेत आल्या तर त्यांच्यावर लक्षही तीच ठेवायची. आमच्या कचेरीतल्या म्हाताऱ्या डेप्युटींना ते दिवस आठवत होते. आत कोण आहे हे विचारायला लोक तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे, असं ते सांगत.

मी गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी काचेची सरकती खिडकी आली होती आणि खिडकीमागे रेकॉर्डच्या बाई. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला, मागे कार्डांच्या खणांची भिंत. प्रत्येक घटनेचं एक कार्ड, तारखेप्रमाणे लावलेलं. पहिल्या दिवशी मी कायद्याची भाषा घोकून गेले होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"कुठला कागद हवाय ते राहू दे," त्या म्हणाल्या. "झालं काय ते सांग. कागद मी काढते."

एकदा माझ्यासमोर एक शेतकरी आला. गोठ्याला आग लागून बरीच वर्षं झाली होती, विम्याच्या भांडणासाठी त्याला त्या वेळचा अहवाल हवा होता आणि तारीख आठवत नव्हती. बाईंनी विचारलं, "मका काढून झाला होता का?" झाला होता. "हरणांची शिकार सुरू झाली होती?" तो म्हणाला नाही, त्याचा मुलगा बंदूक साफ करत बसला होता तेव्हा ठिणगी दिसली. बाई उठल्या, नोव्हेंबरचा खण ओढला आणि पहिल्या पंधरवड्यातली कार्डं चाळली. रायफलने हरणं मारायचे नऊ दिवस इथे थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी सुरू होतात, तेव्हा आग त्याच्या आतलीच. अहवाल निघाला. पानाला पंचवीस सेंट देऊन शेतकरी झेरॉक्स घेऊन गेला. त्याचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं, त्या त्याला ओळखतच होत्या. पण ओळखत नसत्या तरी कायद्याने विचारायचं कारण नव्हतं.

या राज्याच्या कायद्याबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो. सार्वजनिक नोंद मागणाऱ्याने आपण कोण आणि कशासाठी मागतोय हे सांगायला नकार दिला, तरी सहसा तेवढ्यावरून नोंद नाकारता येत नाही. मागणी तोंडी केली तरी चालते. आपल्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातही कारण विचारता येत नाही, पण अर्ज लेखी लागतो आणि पत्ता द्यावा लागतो. अमेरिकेचा 1966 चा माहिती स्वातंत्र्य कायदा फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे. शेरीफच्या दारात त्याचं नाव घेऊन काही मिळत नाही, तिथे राज्याचा कायदा चालतो. आणि आमच्या राज्यात 1979 चा एक निकाल पाठीशी होता. मिलवॉकीचे पोलीसप्रमुख हॅरल्ड ब्रायर अटकेच्या रोजच्या यादीतला आरोप वार्ताहरांना दाखवायला तयार नव्हते. वृत्तपत्र कोर्टात गेलं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाला कशासाठी धरलं हे लोकांना पाहता आलं पाहिजे. गुपचूप अटका होणं ही त्यात खरी भीती होती. आमची हिरवी वही त्या निकालाच्या आधीपासून उघडी होती, पण निकालानंतर ती कोणी मिटू शकणार नव्हतं.

वहीतलं आम्ही सगळं छापायचो. विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं तर तो सहसा गुन्हा धरत नाहीत, दंडावर भागतं. देशात दुसरं कुठलं राज्य असं करत नाही. कायद्याने गुन्हा नसला तरी साप्ताहिकात नाव आलं की गावात तोंड दाखवणं अवघड व्हायचं. म्हणून सोमवारी संध्याकाळपासून फोन सुरू. कोणाची मुलगी शाळेत शिक्षिका, कोणाचा भाऊ चर्चमध्ये. संपादकांचा नियम ठरलेला होता: सगळ्यांची नावं, नाहीतर कोणाचंच नाही. काउंटी बोर्डाच्या सभासदाचं छापलं तसं आमच्या छापखान्यातल्या माणसाचंही छापलं.

यातली एक गोष्ट मला त्या वेळी साधी वाटायची, आज फार मोलाची वाटते. आरोपाचा रकाना वाचणारी मीच सुटकेचा रकानाही वाचत होते. ज्याला मार्चमध्ये आणलं, त्याच्यावरचा आरोप मे महिन्यात मागे घेतला गेला, तर तेही त्याच पानावर, त्याच टाइपात यायचं. ज्याचं नाव छापलं तो दुधाच्या सोसायटीत भेटायचा, आणि मी अर्धीच गोष्ट छापली असती तर त्याने मला तिथेच विचारलं असतं.

सगळंच गोड होतं असं नाही. खिडकीशी निर्धास्तपणे येणारे बहुतेक गोरे, जमीनवाले होते. दुभत्या जनावरांच्या मोठ्या गोठ्यांवर मेक्सिकोहून कामगार येऊ लागले, ते त्या काचेपाशी येत नसत. वहीत बळी पडलेल्या बायकांची नावं, पत्ते कधी कधी उघडे असायचे. वाचताना माझ्या पोटात कालवायचं. 2020 मध्ये मतदारांनी राज्यघटनेत पीडितांच्या खासगीपणाचा हक्क घातला, त्यात मला काही गैर वाटत नाही.

आज कचेरी महामार्गाजवळच्या नव्या इमारतीत आहे. दालनात फोन टांगलेला, भिंतीवर पोर्टलचा पत्ता. पोर्टलवर आधी खातं उघडायचं, मग यादीतून नोंदीचा प्रकार निवडायचा: घटना अहवाल, अपघात अहवाल, तुरुंग नोंद, बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण, इतर. लगेच क्रमांक येतो, 'आपली विनंती मिळाली' असा मेल येतो. नंतर बराच काळ काही येत नाही. उत्तर 'शक्य तितक्या लवकर, विनाविलंब' द्यावं असं इथला कायदा म्हणतो. दिवसांचा आकडा त्यात नाही. चित्रण मागितलं तर चेहरे, घराचे नंबर, लहान मुलं झाकावी लागतात आणि त्यात कर्मचाऱ्यांचे तासन्‌तास जातात, हे खरं आहे. 2012 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने झाकाझाकीचा खर्च मागणाऱ्यावर टाकू नका असं म्हटलं होतं. 2024 च्या कायद्याने पोलिसी चित्रणापुरती ती मुभा दिली. पैसे कमावण्यासाठी वापरणार नाही असं लिहून दिलं तर सूट मिळते. तोंडी मागणी अजूनही कायदेशीर आहे. फक्त जिच्याशी बोलावं ती खिडकीमागची बाई उरली नाही.

उलट तुरुंगाची यादी आता चोवीस तास जगाला उघडी. फोटो, उंची, वजन, आरोप. पुण्यात बसूनही आमच्या तुरुंगात काल रात्री कोण आलं ते दिसतं. पण माणूस सुटला की त्याची ओळ यादीतून गळते, आरोप का मागे घेतला ते तिथे कधी येतच नाही. काही वेबसाइटवाल्यांनी असे फोटो उचलून ते काढून टाकायचे पैसे मागायला सुरुवात केली. त्यावर जॉर्जिया, टेक्सास, ओरेगन, युटा या राज्यांनी 2013 मध्ये कायदे केले. कोर्टाच्या नोंदी इथे 1999 पासून इंटरनेटवर आहेत, लोक त्या व्यवस्थेला सीकॅप म्हणतात. घर भाड्याने देणारा आधी सीकॅप पाहतो. पाहणारा कोण, हे ज्याची नोंद आहे त्याला कधीच कळत नाही.

शोधायच्या चौकटीचं एक दुखणं मी स्वतः जवळून पाहते. गावच्या ग्रंथालयात मी आठवड्यातून एकदा लोकांना असे अर्ज भरायला मदत करते. एका गोठ्यावरच्या कामगाराची बायको आली, नवरा रात्री परतला नव्हता. 2007 पासून इथे कागदपत्रांशिवायच्या माणसाला वाहनपरवाना मिळत नाही, त्यामुळे अशी धरपकड नेहमीची. तिने नाव टाकलं, यादीत नाही. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आणि डेप्युटीने दुसरं आडनाव पहिलं धरून, एक अक्षर चुकवून लिहिलं होतं. हिरव्या वहीत पान उलटलं असतं तर वय आणि गोठ्याचा रस्ता वाचून तो मिनिटात सापडला असता. इथे आम्ही सगळी यादी फोटो बघत खालपर्यंत नेली, तेव्हा तो दिसला.

नव्यातली एक सोय मात्र मी कोणत्याही जुन्या गोष्टीसाठी परत देणार नाही. 1993 मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये एका तरुणीचा, जामिनावर सुटलेल्या तिच्या जुन्या मित्राने खून केला. तो सुटल्याचं तिला कोणी कळवलं नव्हतं. त्यानंतर 1994 मध्ये तिथल्या काउंटीत कैदी सुटताच पीडितेला आपोआप फोन जाईल अशी यंत्रणा उभी राहिली, आणि ती देशभर पसरली. आमच्याकडे पूर्वी हे जेलरच्या भल्या मनावर होतं. एक जेलर स्वतः फोन करायचा, दुसऱ्याला सुचायचं नाही.

आणि साप्ताहिकं? 2005 पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वृत्तपत्रं बंद झाली. दोनशेहून अधिक काउंट्यांत बातमी देणारं एकही स्थानिक साधन नाही, असं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता विभागाची पाहणी सांगते. आमचंही विकलं गेलं, मग बंद पडलं. जी उरलीत त्यांची वाट सोपी नाही. कॅन्ससमधल्या मॅरियन काउंटी रेकॉर्ड या साप्ताहिकावर 11 ऑगस्ट 2023 रोजी पोलिसांनी छापा घातला, संगणक आणि फोन उचलून नेले. निमित्त काय, तर वार्ताहराने राज्याच्या संकेतस्थळावर एकीच्या वाहनपरवान्याची नोंद तपासली. साप्ताहिकाच्या 98 वर्षांच्या सहमालक दुसऱ्या दिवशी गेल्या. अंक मात्र वेळेवर निघाला.

गेल्या वर्षी मी काउंटी बोर्डाकडे मागणी केली की मंगळवारी सकाळी दोन तास खिडकी उघडा आणि तिथे नोंदी जाणणारा माणूस बसवा. माणसाचे पैसे नाहीत, असं उत्तर आलं, आणि त्यांचा अर्थसंकल्प पाहिल्यावर मला ते पटलंही. मग मी दुसरं मागितलं: आठवड्याची तुरुंगाची यादी छापून ग्रंथालयात ठेवा, आत आलेल्यांची आणि सुटलेल्यांचीही, सुटकेच्या कारणासकट. ते मान्य झालं. शुक्रवारी कागद येतात, ग्रंथपाल ते भोक पाडून फाइलला लावतात. पहिल्या महिन्यात वाचायला येणारे बहुतेक माझ्याच वयाचे होते. आता गोठ्यांवरच्या बायकाही येतात, आणि चुकीची लिहिलेली आडनावं मी शेरीफच्या कचेरीला दर सोमवारी कळवते.