बोट दुखते, पण कोणते?

वाचकहो, एका भाषेतले म्हणणे दुसऱ्या भाषेत नेऊन पोचविणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. गेली अकरा वर्षे बेंगळूरमध्ये मी हेच करीत आले आहे, आणि त्याचा थोडासा अभिमानही मला होता. तो आईच्या बोटांनी उतरविला.

वडील गेल्यावर आई सांगलीचे घर बंद करून माझ्याकडे मल्लेश्वरमला राहावयास आली. तिला कानडी येत नाही. एके दिवशी सकाळी तिने वेणी अर्धीच घालून सोडून दिली आणि म्हणाली, “बोटं आखडून जातात गं. दोन्ही हातांची. उन्हं खिडकीत येईपर्यंत अशीच राहतात, मग हळूहळू सुटतात.”

मी तिला जवळच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टर सभ्य होते, पण बाहेर रांग मोठी होती. त्यांनी कानडीत विचारले, आईने मराठीत पाचसहा वाक्ये सांगितली, आणि परक्यांच्या लेखातले एक विशेषणही कधी न गाळणाऱ्या मी तिचे सारे म्हणणे दोन शब्दांत उरकले : बेरळु नोवु. बोट दुखते. उजव्या हाताचे काय, असे त्यांनी विचारले. मी होय म्हटले. यंत्रातून कागद छापून आला. त्यावर ‘बोटदुखी, उजवे’ एवढाच मजकूर, आणि खाली एक क्रमांक : एम ७९.६. सोबत मलम आणि वेदनाशामक गोळ्या. पुढे आणखी दोनदा गेलो. तिसऱ्या खेपेस डॉक्टर निराळे होते. त्यांनी आधीचा कागद पाहिला आणि तोच मजकूर पुन्हा उतरविला. असे तीन महिने गेले.

आमच्या शेजारी निपाणीची एक मुलगी राहते. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कागद वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला क्रमांक देण्याचे काम करते. त्या क्रमांकावर तिकडे विम्याचे पैसे मिळतात. ह्या शहरात हे काम करणारे तरुण पुष्कळ आहेत. आईचा कागद पाहून ती म्हणाली, “काकू, हा नंबर म्हणजे नुसतं ‘हातपाय दुखतात’. रोगाचं नाव नाहीच हे.”

ही क्रमांकांची वही मोठी जुनी आहे. पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख झाक बर्तियों ह्यांनी १८९३ साली शिकागो येथे तिचा पहिला आराखडा मांडला. ती यादी केवळ मृत्यूच्या कारणांची होती. बोट दुखून कोणी मरत नाही. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यात आजारांनाही जागा मिळाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी आईच्या कागदावर दहावीतलाच क्रमांक होता. अमेरिकेने त्या दहाव्या आवृत्तीला आपल्या पोटशाखा जोडून ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणली. तिच्यात उजव्या हाताच्या बोटदुखीला एम ७९.६४४, डाव्याला ६४५, आणि हात कोणता ते लिहिलेलेच नसेल तर ६४६. गंमत अशी की, बोट मध्येच अडकून खटकन सुटण्याचा जो विकार आहे, त्यात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. नुसत्या दुखण्यात मात्र पाचही बोटे अनामिकाच!

मी तिला विचारले, कागद वाचताना तुला शंका येत नाही का? ती म्हणाली, “येते ना. पण डॉक्टरांनी लिहिलं नसेल ते आम्ही मनानं घालायचं नाही. बाह्यरुग्णाच्या कागदावर ‘बहुधा आमवात’ असं लिहिलं असलं, तरी आमवाताचा नंबर देता येत नाही. दुखण्याचाच द्यावा लागतो.” मग तिने सहज विचारले, “पण काकू, आजी नक्की काय म्हणाल्या होत्या?”

वाचकहो, आपल्या भाषेत ह्या बाबतीत दारिद्र्य नाही. नखुरडे झाले की बोट ठसठसते, काटा मोडून राहिला की सलते, दारात चेमटले की ठणकते. आणि आई तर ‘दुखते’ असे म्हणालीच नव्हती. ती ‘आखडतात’ म्हणाली होती. ‘दोन्ही हातांची’ म्हणाली होती. किती वेळ, तेही उन्हाच्या हिशेबाने सांगून मोकळी झाली होती. सांधे झिजल्याने येणारा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो, आणि नखाजवळची पेरे त्यात बहुधा सापडतात. आमवाताचा ताठरपणा तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो, दोन्ही हातांना सारखाच धरतो, आणि बोटांच्या मुळाचे व मधले सांधे सुजवितो. हे मी नंतर शिकले. पण ते ओळखण्यास लागणारी सारी सामग्री तिच्या वाक्यांत होती, आणि ती डॉक्टरांपर्यंत न पोचविणारी मी होते.

त्या रात्री मी आईला समोर बसवून एकेक बोट हातात घेतले. कोणते, कोणता सांधा, कधीपासून, किती वाजता उठलीस, मूठ किती वाजता मिटली, सूज आहे की नाही, असे सारे लिहून काढले. पान भरले. आई म्हणाली, “एवढं कशाला? डॉक्टर हसतील.”

डॉक्टर हसले नाहीत. ह्या खेपेस आम्ही सांधेविकाराच्या तज्ज्ञांकडे गेलो होतो. त्यांनी पान दोनदा वाचले, दोन्ही हातांचे सांधे दाबून पाहिले, आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. आठवड्याने निदान निश्चित झाले : आमवात. कागदावरचा क्रमांक एम ०५ ने सुरू होणारा झाला. औषध लौकर सुरू केले तर सांध्यांची हानी पुष्कळ अंशी रोखता येते, असे ते म्हणाले. लौकर म्हणजे किती, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

गोळी मेथोट्रेक्सेटची आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांनी वार स्वतःच्या हाताने लिहिला, आणि मी तो आईकडून मराठीत वदवून घेतला. दिनदर्शिकेवर प्रत्येक रविवारी ती आता एक फुली मारते. वेणी पुन्हा स्वतः घालते. थोडी सैल पडते एवढेच. पुढच्या भेटीसाठी एक ओळ मी आताच लिहून ठेवली आहे : डावा हात, मधले बोट, मधला सांधा, पुरता सरळ होत नाही.