मेलेला परत येतो, मग रडायचं कशाला?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपली होती आणि आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी टीव्हीवर 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' लावला होता. चित्रपट २०१८चा. शेवटाकडे कोवळ्या वयाचा स्पायडरमॅन टोनी स्टार्कला घट्ट बिलगतो आणि बघता बघता त्याची राख होऊन वाऱ्यावर उडून जाते. माझे डोळे भरून आले. मुलाने शांतपणे चिवड्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"आई, रडतेस काय? पुढच्या भागात येतो तो परत!"

त्याचं काही चुकलं नव्हतं. २०१९च्या 'एंडगेम'मध्ये स्पायडरमॅनच काय, राख झालेलं निम्मं विश्व परत येतं. मी डोळे पुसले, पण त्याचं ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. ज्या गोष्टीत मेलेला माणूस परत येणार हे दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं, त्या गोष्टीत जीव कुठे गुंतवायचा?

तुमच्या घरात मुलं असतील तर हे महावीर तुमच्याही चांगल्या ओळखीचे असतील. त्यांच्यातल्या लोकीचंच घ्या. २०११मध्ये तो संपला असं वाटलं, २०१३मध्ये भावाच्या मांडीवर मेला, २०१८मध्ये तर डोळ्यांदेखत गळा आवळला गेला, आणि २०२१मध्ये त्याच्याच नावाची मालिका आली! गमोरा नावाच्या मुलीला तिचाच बाप कड्यावरून लोटून देतो. पुढच्या चित्रपटात भूतकाळातली दुसरी गमोरा हजर. २०१७च्या 'लोगन'मध्ये म्हाताऱ्या, थकलेल्या वूल्व्हरिनचं मरण फार हृद्य होतं. सात वर्षांनी आलेल्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच त्याचा सांगाडा उकरला जातो आणि हाडांची हत्यारं करून मारामारी होते. शिवाय दुसऱ्या कुठल्याशा विश्वातला वूल्व्हरिन आणला जातो तो वेगळाच.

असं का होतं, हे समजायला फार डोकं लागत नाही. एक चित्रपट हा पुढच्या चित्रपटाची जाहिरात झाला आहे. नावांची पाटी सरकून गेल्यावरही आपण खुर्चीला चिकटून बसतो, कारण पुढच्या भागाचा एक तुकडा दाखवणार असतात. ज्या पात्रावर पुढचे पैसे मिळायचे आहेत, ते मरून कसं चालेल? आणि शहाणं होऊन तरी कसं चालेल? २०२१च्या मालिकेत वांडाला कळतं की आपल्या दुःखापायी आपण एका सबंध गावाला वेठीला धरलं. ती माघार घेते. पुढच्याच वर्षीच्या चित्रपटात त्याच मुलांसाठी ती माणसं मारत सुटते. शिकलेलं सगळं पुसलं, पाटी कोरी.

सगळंच वाईट असतं असं नाही. टोनी स्टार्क २००८मध्ये शस्त्रं विकणारा, स्वतःवर खूश असलेला माणूस होता. २०१९मध्ये तोच जगासाठी प्राण देतो. अकरा वर्षं घेऊन हळूहळू घडवलेलं ते पात्र होतं, म्हणून तर थिएटरात हुंदके ऐकू आले. पण जुलै २०२४मध्ये जाहीर झालं की तोच नट आता खलनायक बनून परत येणार. पात्र वेगळं आहे, मान्य. तरी निरोप घेऊन झालेल्या पाहुण्याने चप्पल विसरल्याचं सांगत पुन्हा बेल वाजवावी, तसं काहीसं वाटलं.

आपल्या 'शोले'तला जय १९७५मध्ये गेला, तो गेलाच. म्हणून अजून तो प्रसंग आला की घरात कुणी बोलत नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम २००२चा जुना 'स्पायडरमॅन' लावला. पीटरचे काका त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगू पाहतात आणि तो त्यांना तोडून बोलतो. त्याच रात्री ज्या चोराला तो समोरून जाऊ देतो, तोच चोर काकांना गोळी घालतो. पीटरच्या अंगात एवढी ताकद, पण तोंडातून गेलेला शब्द काही परत घेता येत नाही. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात तो हे सगळं काकूंना सांगतो. त्या काही न बोलता उठून जातात. अख्ख्या चित्रपटात त्याहून मोठी मारामारी नाही.

चिवड्याची वाटी तशीच राहिली होती.

"काका जिवंत होत नाहीत?"

"नाही."

मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी माझ्या बाबांचा फोन आला होता. माळा आवरताना माझ्या शाळेच्या वह्या सापडल्या होत्या. ठेवू की टाकू, विचारत होते. अंक छपाईला जायचा दिवस होता. "टाकून द्या हो बाबा, मी कामात आहे," म्हणून मी फोन ठेवला. संध्याकाळी करू म्हटलं, राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

या दुःखाला पुढचा भाग नाही. मुलांना हे कधीतरी कळायलाच हवं, आणि ते गोष्टीतून कळलं तर बरं. आयुष्य शिकवतं तेव्हा फार महाग पडतं. चांगली गोष्ट हेच काम करत आली आहे. ज्या गोष्टीत काहीच कायमचं जात नाही, ती डोळे दिपवील, पण मुलाला माणूस जपायला शिकवणार नाही.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. रात्री अंथरुणात हळूच विचारलं, "आई, त्या वह्या मग टाकल्या का आजोबांनी?"

नाही टाकल्या. दिवसकार्य झाल्यावर माळ्यावर पाहिलं, तर दोरीने नीट बांधून ठेवल्या होत्या. या सुट्टीत गावी गेलो की त्याला दाखवणार आहे.