करार संपल्यानंतर

मुदत संपलेला करार नव्याने न करता दुसऱ्या मालकाकडे रुजू होणे हा कोणत्याही व्यवसायात निर्विवाद हक्क मानला जातो. परंतु तोच हक्क एखाद्या थोर बास्केटबॉलपटूने बजावला की कालपर्यंत त्याचा जयघोष करणारे नगर त्याला फितूर ठरविते, याने मी दीर्घकाळ अस्वस्थ होत आलो आहे.

लेब्रॉन जेम्स हा ओहायोतील ॲक्रनचा, म्हणजे क्लीव्हलंडच्या अगदी शेजारचा. २००३ साली तो क्लीव्हलंडच्या संघात दाखल झाला तो स्वेच्छेने नव्हे, तर नवोदितांच्या वाटपात, ज्याला तिकडे ड्राफ्ट म्हणतात त्यात, पहिला क्रमांक त्या संघास लाभला म्हणून. संघमालक खेळाडूची परस्पर अदलाबदल करतात तेव्हा त्यांच्याकडे इमानाची कैफियत कोणी मागत नाही. सात हंगाम इमानेइतबारे खेळून करारमुक्त झालेल्या या पंचवीस वर्षांच्या तरुणाकडे मात्र ती मागितली गेली.

तरीही त्या नगराचा संताप मला सर्वस्वी अन्याय्य वाटत नाही. ८ जुलै २०१० च्या रात्री कनेक्टिकटमधील ग्रेनिच येथे, मागे लहान मुले बसविलेल्या एका व्यायामशाळेत, दूरचित्रवाणीच्या खास कार्यक्रमात सुमारे अर्धा तास इकडतिकडच्या प्रश्नोत्तरांत गेल्यावर त्याने आपला नवा संघ म्हणून मायामीचे नाव उच्चारले. जाहिरातींचे उत्पन्न बालकांच्या संस्थेस गेले, हे खरे. पण १९६४ पासून कोणत्याही प्रमुख खेळाचे अजिंक्यपद न पाहिलेल्या नगराला साऱ्या देशासमक्ष तिष्ठत ठेवून असा निरोप द्यावयास नको होता. त्याच रात्री रस्त्यांवर त्याच्या नावाचे सदरे जळाले, आणि मालकाने जाहीर पत्रात विश्वासघाताचा आरोप केला. २ डिसेंबरला तो पाहुणा म्हणून परतला, तेव्हा चेंडू त्याच्या हाती येताच सारे प्रेक्षागार धिक्काराने दणाणत होते. त्याने तीन सत्रांतच ३८ गुण मिळविले आणि अखेरचे सत्र बसून काढले.

२०१४ साली तो स्वगृही आला, आणि २०१६ च्या अंतिम मालिकेत तीन-एक असे पिछाडीवर असताना उरलेले तिन्ही सामने जिंकून क्लीव्हलंडने बावन्न वर्षांचा दुष्काळ संपविला. पुढे २०१८ साली तो लॉस एंजेलिसला गेला. जाण्याचा हक्क दोन्ही वेळा तोच होता, आणि त्यात यत्किंचितही वाढ अथवा घट झाली नव्हती. पण त्या नोव्हेंबरात तो नव्या संघातून क्लीव्हलंडला खेळावयास आला, तेव्हा लोकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले.