डोंगराकडची टिपणे

पिशोरचा आठवडी बाजार. मक्याचा भाव, अद्रकचा भाव, त्याच जुन्या तक्रारी. एवढ्या गर्दीत फेटिया-काचळी, म्हणजे घागरा-चोळी, घातलेल्या तिघीच दिसल्या, तिघीही साठीपुढच्या. बरोबरच्या नाती पंजाबी ड्रेसमध्ये. मी लहान होतो तेव्हा लमाणांच्या तांड्यावरून बायका यायच्या, तर उन्हात आरसे आधी चमकायचे, माणसे मागून दिसायची.

*

युक्रेनमधल्या कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांविषयी वाचले. उन्हाळा लागला की मेंढरे घेऊन वरच्या कुरणांवर जायचे, थंडीच्या आत खाली उतरायचे. त्यांची त्रेंबिता नावाची लाकडी तुतारी तीन मीटरभर लांब; वीज पडलेल्या झाडाचे लाकूड त्यासाठी उत्तम मानतात. कळप निघाला की ती वाजते, गावात कुणी गेले तरी वाजते. तिकडच्या कोसिव्हची रंगीत मातीची भांडी 2019 साली युनेस्कोच्या यादीत गेली. बरे झाले. आमच्या सातमाळा डोंगरातल्या तांड्यावर नगारा आहे, यादी नाही.

*

तांडा मात्र डोंगर चढत नाही, उतरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा ट्रक येतो. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोजणीत माणसे नाहीत, हत्यार. ट्रक लवकर हलला तर दिवाळीतला मेरा, म्हणजे पोरींनी दिवे घेऊन घरोघर मागायची ओवाळणी, कुठल्या तरी कारखान्याच्या फडात, कोप्यांपुढे होतो. होळीपर्यंत परत आले तर आले.

*

कधी काळी याच लमाणांच्या बैलांवरून लवण, म्हणजे मीठ, आणि धान्य देशभर फिरले. फौजांना रसद त्यांची. लमाण हे नाव लवणावरूनच आले, असे सांगतात. पुढे आगगाडी आली आणि बैल बसले. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी फिरत्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा जायला 1952 उजाडले. पिशोर तेव्हा निजामाच्या मुलखात, डोंगराखालचा खानदेश इंग्रजांचा. दोन राज्यांच्या शिवेवर राहणाऱ्याला दोन्हीकडचा शिपाई हटकतो.

*

तीज. श्रावणातली. लग्न न झालेल्या पोरी तांड्याच्या नायकाची परवानगी काढतात, वारुळाची माती आणतात, छोट्या टोपल्यांत गहू पेरतात. नऊ दिवस पाणी घालायचे, रोज रात्री फेर धरून गाणी म्हणायची. गव्हाचे पिवळसर हिरवे कोंब वीतभर होतात आणि शेवटच्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. तेव्हा पोरी रडतात, आणि ते रडणे नुसत्या रीतीपुरते नसते. पुढच्या श्रावणात यातल्या किती जणी सासरी असतील, हे त्यांना ठाऊक असते. मी बांधावर उभा होतो. शेजारच्या याडीने (आईला याडी म्हणतात) माझ्याकडे पाहून डोळे पुसले आणि वर विचारले, “तुम्हाला काय झालं?”

होळीही वेगळी. आपली संध्याकाळी पेटते, तांड्याची पहाटे. वर्षभरात मुलगा झालेल्या घरी धुंड हा विधी, मग लेंगी ही गाणी गात गेरियांची, म्हणजे होळी खेळणाऱ्या पोरांची, टोळी दारोदार. ही गाणी गोरबोलीत, लमाणांच्या भाषेत. तिला स्वतःची लिपी नाही. इथे ती देवनागरीत लिहितात, कर्नाटकात कन्नडमध्ये, तेलंगणात तेलुगूत. घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही.

*

काल पितळखोरे. पिशोरच्याच कन्नड तालुक्यातली लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. इथे सापडलेला बुटका, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलेले आहे, की हा कान्हदास नावाच्या सोनाराने केला. राजाचे नाही, करणाऱ्याचे नाव. सोनाराला दगड घडवायला कुणी सांगितले असेल? दागिन्याची सवय दिसते खरी, नजर लागेल इतके बारीक काम आहे.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पाटणे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. 1207च्या सुमाराचा शिलालेख आहे. वरचा मजकूर संस्कृत. शेवटी मठाला कुणी काय द्यायचे, तो बाजारचा हिशेब मराठीत. व्यवहाराला तेव्हाही मराठीच लागायची.

*

परत येताना तांड्यावर थांबलो. याडीने पेटीतून लग्नातली फेटिया काढली. कवड्या, आरसे, एका कडेला जुनी नाणी. उचलली तर हात खाली गेला.
“कुणी शिवली?”
“माझ्या याडीनं.”
“तिचं नाव?”
थोडा वेळ आठवून सांगितले. मी वहीत लिहून घेतले, इथे देत नाही. ते त्या घरचे आहे. फेटिया घ्यायला भांडीवाली दोनदा येऊन गेली म्हणे.

तुमच्याही घरी अशी फेटिया, गोधडी, काहीही हाताने शिवलेले असेल, तर भांड्यावर देऊ नका. आणि शिवणारीचे नाव आतल्या बाजूला दोऱ्याने घाला.