सोड तिला

आमचे गाव बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी, राक्षसभुवनापासून थोड्या अंतरावर. १७६३ साली थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, ते हेच राक्षसभुवन. आम्हां मुलांना मात्र लढाईपेक्षा नदीतल्या माशांचे वेड अधिक. बांबूची काठी, दोरा, गळ आणि कणकेची गोळी एवढ्या सामग्रीवर आमचा रविवार सरत असे.

१९७० सालच्या आषाढातली गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. नदीला नवे, गढूळ पाणी आले होते. माझ्या गळाला हातभर लांबीचा रुपेरी मासा लागला. जवळच एक वृद्ध भोई जाळे सांधीत बसले होते. माशाचे फुगीर पोट पाहून ते म्हणाले, "लेकरा, पोटुशी हाय ती. अंडी घालाया वर निघाली. सोड तिला." त्यांची स्वतःची टोपली त्या दिवशी रिकामीच होती.

मी ऐकले नाही. मोठ्या ऐटीत मासा घरी नेला. आईने तो विळीवर चिरला आणि तिचा हात थांबला. पोटात मोहरीएवढी अंडीच अंडी होती. मोजता न येणारी. आई काही बोलली नाही. पण त्या रात्री मला घास गोड लागला नाही.

पुढे शिक्षक झाल्यावर सॅमन माशांविषयी वाचनात आले. उत्तर पॅसिफिक महासागरातले सॅमन आणि स्टीलहेड मासे नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी पाण्याच्या वासावरून आपल्या जन्मस्थानी परततात. अमेरिकेत कोलंबिया नदीवर १९३८ साली बॉनव्हिल धरण झाले, तेव्हा त्यांना वर चढता यावे म्हणून पाण्याच्या पायऱ्या बांधल्या गेल्या. आमचे मासे समुद्रातून येत नसत. पण पुराच्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध चढण्याची त्यांची ओढ तीच होती.

१९७६ साली पैठणला जायकवाडी धरण उभे राहिले. १९७२ चा दुष्काळ भोगलेल्या आम्हांला पाण्याचे मोल कोणी सांगायला नको. तरीही माशांची वरची वाट त्या भिंतीपाशी संपली, हेही खरे.

आता माझा नातू नदीवर गळ टाकतो. फुगीर पोटाची मासोळी लागली की तो माझ्या तोंडाकडे पाहतो. मी हलकेच गळ काढतो आणि एवढेच म्हणतो, "लेकरा, सोड तिला."